उजवा कौल

रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर,
अठरा वर्षं मी फेरीबोट हाकली ती तळव्यांनी.
सुकाणू हातात असायचं, एवढंच.
इंजिन कुठे अडखळतंय, खाली गाळ किती,
ओहोटी कुठे ओढतेय,
सगळं लोखंडातून चढून टाचेत यायचं.
आता बोट धक्क्याला लागते, इंजिन बंद होतं
आणि माझ्या पायांत ते चालूच राहतं.
अंथरुणात. पहाटे तीनलासुद्धा.

बांबोळीला डॉक्टर कुलासोंनी फिल्म उजेडाला धरली.
मेंदूत पांढरे ठिपके,
खाजनात बगळे उतरावेत तसे.
"वायरीवरचं आवरण सोलतंय," म्हणाले,
"आणि सोलणारे तुमचेच शिपाई."
मग म्हणाले, रक्तात ड जीवनसत्त्व नऊ आहे, तीस तरी हवं.
मला हसू आलं.
मांडवीवर असं ऊन की डोळे किलकिले करूनच धक्का शोधायचा,
तिकडे कळंगुटला लोक विमानाचं भाडं भरून उन्हात लोळतात,
आणि मी दर रविवारी
साठ हजार युनिट ऊन गिळतो, दुधाबरोबर.

मासळीचं तेल आलं, तेही नॉर्वेचं.
आईने बाटली फिरवून फिरवून पाहिली:
"आमच्या बांगड्याने काय घोडं मारलं होतं?"

मग औषधं भरतीसारखी घरात चढली.
मिलाग्रिस बायची शेवग्याच्या पाल्याची पूड,
मेहुण्याने दुबईहून पाठवलेलं बायोटिन,
सत्तरीतल्या वैद्याचा काढा, वर अट: आंबट वर्ज्य.
अश्वगंधा कोणी दिली, आठवत नाही.
सुमेधाने सात कप्प्यांची डबी आणली.
बुधवारचं झाकण लागत नाही, तिथे रबरबँड.

खरा प्रश्न या डबीत मावणारा नव्हता.
दिवसाआड टोचायचं इंजेक्शन, फ्रीजमध्ये सोलकढीच्या तांब्याशेजारी?
की रोजची गोळी?
की सहा महिन्यांनी एक सलाईन, जास्त जोराचं, जास्त जोखमीचं?
कुलासोंनी टक्के सांगितले.
टक्के मला कळतात. बोटीवर पन्नास मोटारसायकली,
एक नदीत गेली, दोन टक्के.
ती कोणाची, हे टक्के सांगत नाहीत.

आई म्हणाली, देवीला विचारू.
भटाने ओल्या पाकळ्या लावल्या.
उजवी पडली तर सलाईन, डावी पडली तर गोळी.
पाकळीला वारा लागू नये म्हणून पंखा बंद.
उकाड्यात माझा उजवा डोळा धुरकटतो, तसा धुरकटला.
"पडली," आई म्हणाली. "उजवी!"
मला दिसलीच नाही.
विचारलं, उजवी कोणाची? देवीची की आमची?
"देवीची," भट म्हणाला, जरा रागानेच.
उजवा पाय ओढत मी पायऱ्या उतरलो.

पुढच्या खेपेला सगळ्या बाटल्या पिशवीत घालून नेल्या.
यकृताचे आकडे वर गेले होते.
कुलासोंनी एकेक बाटली टेबलावर मांडली,
जप्तीचा माल मांडावा तशी.
काढा बाजूला. अश्वगंधा बाजूला.
बायोटिन? "त्याने तपासण्याच खोटं बोलतात."
ड राहू दे. नॉर्वे, खिशाला झेपत असेल तर.
मी कौलाचं सांगून टाकलं.
वाटलं, हसतील.
ते म्हणाले, "आधी यकृत ताळ्यावर येऊ दे.
मग सलाईनचं बोलू. देवी थांबेल ना?"

संध्याकाळी परत येताना फेरीवर तिकिटाविना उतारू होऊन उभा राहिलो.
सुकाणूवर नवा पोरगा, शाबा.
पायांत घरघर. बोटीची की माझी, कळेना.
कठड्यावर तळहात ठेवला.
लोखंड अजून बोलत होतं, थोडं बोबडं.
गाळ लागतोय, मी मनात म्हटलं, डावीकडे घे रे.
शाबाने आधीच घेतली होती.